सेल्फ मारला, इंजिन कण्हलं

नगरच्या सावेडीत फ्लॅट आणि तालुक्याला कुठंतरी दोन-चार एकर बाग, अशी मंडळी आमच्या गुलमोहर रोडला दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये सापडतात. पोरांच्या शाळा-क्लाससाठी शहरात राहायचं, जीव मात्र पारनेरच्या संत्र्यात नाहीतर श्रीगोंद्याच्या लिंबोणीत अडकलेला. रविवारी चहा घेऊन निघायचं, शेडमधला मिनी ट्रॅक्टर बाहेर काढायचा, मागं स्लॅशर जोडायचा आणि ऊन चढायच्या आत झाडांच्या ओळींतलं गवत मारून घ्यायचं. मीही त्यातलाच. माझं डाळिंब राहुरीच्या बाजूला आहे.

या रविवारच्या ट्रॅक्टरचं एक दुखणं ठरलेलं आहे. डिसेंबर लागला, नगरचा पारा दहाच्या खाली गेला, की चावी फिरवल्यावर इंजिन अर्धा फेरा घेतं, कण्हतं आणि अडतं. घुर्र... घु... टक. पुन्हा चावी, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नुसतंच टक. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरचं कुणीतरी येतं, पुढच्या टायरवर पाय ठेवून उभं राहतं आणि निदान करतं, "बॅटरी गेली."

कधीकधी ते खरंही असतं. पण एमआयडीसीत एकतीस वर्षं मेंटेनन्सला काढलेल्या माझ्यासारख्या माणसानंही त्या निदानावर विश्वास ठेवून नवीकोरी बॅटरी आणली होती, आणि दुसऱ्या रविवारी नव्या बॅटरीवरही इंजिन तसंच कण्हलं होतं. तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी चारशे-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर घ्यावा आणि सेल्फ मारत असताना बॅटरीचे व्होल्ट पडतात की टिकतात, एवढं एकदा बघावं. बाकी सगळा तपास त्या एका आकड्यावरून पुढं जातो.

आधी दुखणं नेमकं कुठलं ते ठरवा. ‘ट्रॅक्टर सुरू होत नाही’ हे वाक्य तीन वेगवेगळ्या आजारांना वापरतात. इंजिन झरझर फिरतंय पण पेट घेत नाही, तर भानगड डिझेलची, हवा धरल्याची, फिल्टरची किंवा हीटर प्लगची. तो विषय आज नाही. चावी फिरवली आणि आवाजच नाही, तर आधी फ्यूज, चावीचा स्विच, न्यूट्रलचा किंवा क्लचचा सेफ्टी स्विच बघा. मी सांगतोय ते तिसऱ्याबद्दल. सेल्फ जोर लावतोय, इंजिन जड फिरतंय किंवा मध्येच अडतंय.

मीटर जवळ नसेल तर हेडलाइट लावा आणि लाइटकडं बघत सेल्फ मारा. लाइट पार विझल्यासारखे झाले तर बॅटरीत दम नाही, टर्मिनल ढिलं आहे, किंवा पुढं काहीतरी जाम आहे आणि सेल्फ बेसुमार करंट ओढतोय. लाइट जवळपास तसेच राहिले आणि सेल्फ मात्र मरगळलेला, तर बॅटरीत ताकद आहे, ती सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा सेल्फच ती घेत नाही. हा अंदाज झाला. मीटर आकडा देतो.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबालाच लावायची, त्यावर बसवलेल्या टर्मिनलला नाही. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण व्होल्टच्या निम्म्या चोऱ्या त्या खांब आणि टर्मिनल यांच्या मधल्या जागेतच होतात. रात्रभर उभ्या असलेल्या, भरलेल्या बॅटरीला १२.६ च्या आसपास व्होल्ट पाहिजेत. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जवळजवळ उतरलेली. ‘बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवतेय, म्हणजे चांगली आहे’ असं समजणारे बरेच भेटतात. ती चांगली नसते, उपाशी असते. तिला आधी चार्जिंगला लावा, मग तपास करा.

आता इंजिन पेटू नये म्हणून स्टॉपची नॉब ओढून धरायला कुणाला तरी सांगा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारताना आकडा बघा. चांगली बॅटरी ९.६ च्या खाली जात नाही. उभी असताना १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताक्षणी सात-आठवर आली, तर तिच्यात व्होल्ट आहेत, दम नाही. एखादा सेल मेलेला असतो. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं सहाही सेल तपासा. भरलेल्या बॅटरीत १.२५० ते १.२८० पाहिजे, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं खाली असेल तर त्या बॅटरीवर आणखी पैसे घालू नका. फक्त त्याआधी सेल्फच तर जादा करंट ओढत नाही ना, हे शेजाऱ्याची चांगली बॅटरी लावून बघा. तीही तशीच कोसळली, तर दोष बॅटरीचा नाही.

रविवारच्या ट्रॅक्टरची बॅटरी मुळातच का उतरते, हेही पाहायला हवं. आठवडाभर उभा, मग शेडपासून बागेपर्यंत आणि बागेतून परत. एका सेल्फला गेलेलं भरून निघायला तेवढी धाव पुरत नाही. त्यात कुणी हौसेनं गाण्यांचा बॉक्स थेट बॅटरीला जोडलेला असतो. ऊसाच्या सीझनला कारखान्याच्या रस्त्यावर वाजत जाणाऱ्या ट्रॅक्टरांचं बघून आपला पंधरा एचपीवालाही तेच करतो, आणि त्या बॉक्सचा निळा दिवा सात दिवस, सात रात्री जळत राहतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसत नसतील तर डायनॅमोचा पट्टा दाबून बघा. बहुतेक वेळा तो ढिला निघतो.

आता माझी फजिती.

नवी बॅटरी. उभी असताना १२.६. सेल्फ मारताना ११.६. म्हणजे आकडा टिकला होता, पडला नव्हता, आणि तरी इंजिन कण्हत होतं. हे चित्र दिसलं की समजायचं, वाटेत कुणीतरी टोलनाका लावलाय. मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबाला आणि दुसरं सेल्फच्या जाड बोल्टला लावलं आणि सेल्फ मारायला सांगितला. ०.३ व्होल्ट. तिथं अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, म्हणजे प्लसची बाजू स्वच्छ. मग एक टोक मायनस खांबाला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. इथं ०.२-०.३ च्या वर जाता कामा नये. मीटरनं १.९ दाखवलं.

जवळजवळ दोन व्होल्ट एका जागी खाल्ले जात होते. केबल हातानं चाचपत गेलो, तर चासीला जिथं अर्थिंगची पट्टी बोल्टनं आवळली होती तो बोल्ट कोमट लागला. थंडीच्या सकाळी, ज्या लोखंडाला हात लावला की बोटं आखडतात, त्यात एकच बोल्ट कोमट. खोलून बघितला. पट्टीच्या खाली झकास लाल ऑइलपेंट. दिवाळीच्या आधी मीच ट्रॅक्टरला रंग मारून घेतला होता आणि पेंटरनं पट्टी सोडून, रंग मारून, वाळल्यावर पुन्हा वर आवळली होती. पॉलिश पेपरनं लोखंड पांढरं करून बोल्ट घट्ट केला. दुसऱ्या चावीला ट्रॅक्टर सुरू झाला. जुनी बॅटरी मी तोवर बदलीत देऊन बसलो होतो.

हिशोब करून बघा, म्हणजे हा रोग किती लबाड आहे ते कळेल. छोट्या ट्रॅक्टरचा सेल्फ सहज दीडशे अँपिअर ओढतो. एका ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळा वाटेत आला, तरी दीड व्होल्ट गेले. हेडलाइटला पाच-दहा अँपिअर लागतात, त्यांना त्याच अडथळ्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ‘लाइट तर फक्क लागतात, मग वायरिंग कसं खराब असेल’ हा युक्तिवाद सेल्फच्या बाबतीत कामाचा नाही.

टर्मिनल साफ करताना मायनस आधी काढायचं आणि शेवटी लावायचं, म्हणजे पाना चुकून चासीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. पांढरट-हिरवट बुरशी आली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशनं धुवा. ते पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. खांब आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत करा, आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन. आधी ग्रीस थापून त्यावर टर्मिनल बसवण्याची पद्धत आपल्याकडं फार आहे, ती सोडा. केबल विकत घ्यायची वेळ आली तर जाड आणि आखूड घ्या. स्वस्तातल्या केबलवर रबर जाड आणि आत तांबं चिमूटभर असतं.

आता दुसरी वाट. बॅटरी चांगली आहे आणि तरी सेल्फ मारला की आकडा नऊच्या खाली कोसळतो. म्हणजे सेल्फवर गाढवाचं ओझं पडतंय. ते सेल्फच्या आत आहे की इंजिनात, हे ठरवायला इंजिन हातानं फिरवून बघायचं. गिअर न्यूट्रल, पीटीओ सुटलेला, चावी काढलेली, बॅटरीची मायनस सोडलेली. डिकॉम्प्रेशनचा खटका असेल तर तो उचला, नसेल तर हीटर प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडर मोकळा करा आणि पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून दोन पूर्ण फेरे फिरवा. मोकळं फिरलं तर इंजिन निर्दोष आहे, सेल्फ उतरवून वाइंडरकडं न्या. आतले बुश झिजले की आर्मेचर एका बाजूला लवतं आणि पोलला घासतं. खोलल्यावर त्याच्या अंगावर घासल्याची चकाकी स्पष्ट दिसते. बुश आणि कार्बन ब्रश हे किरकोळ पैशांचं काम आहे. सरळ नवा सेल्फ घ्यायला सांगणाऱ्याला आधी हा उघडून दाखव म्हणावं.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. फक्त थंड असताना जड आणि दुपारी हलकं, तर संशय बॅटरीवर आणि ऑइलवर. कुणी उन्हाळ्यात घट्ट ऑइल भरून ठेवलं असेल तर थंडीत ते काकवीसारखं होतं. पुस्तकात जो ग्रेड दिला असेल तोच घाला. उलट, सकाळी हलकं आणि तासभर काम करून गरम झाल्यावर जड, तर संशय सेल्फवर. आणि थंड असो वा गरम, स्टार्ट करताना क्लच पूर्ण दाबायची सवय लावा. क्लच सोडून सेल्फ मारला की इंजिनाबरोबर गिअरबॉक्समधलं गार, घट्ट ऑइलही त्यालाच घुसळावं लागतं.

अर्धा फेरा घेऊन ठेच लागल्यासारखं थांबणं, हा प्रकार मात्र निराळा आहे. महिंद्राचा युवराज २१५ किंवा स्वराजचा ७१७ हे पंधरा एचपीचे ट्रॅक्टर एका सिलिंडरचे आहेत. डिझेल इंजिन हवा दाबून सतराव्या-अठराव्या हिश्श्यावर आणतं. तीन सिलिंडर असतील तर हा दाब वाटून येतो. एकच असेल तर दर दोन फेऱ्यांत एकदा आख्खा डोंगर समोर उभा राहतो, आणि तो चढायचा तर फ्लायव्हीलला आधी वेग लागतो. वेग नसेल तर पिस्टन वरपर्यंत येतो आणि तिथंच बसतो.

आमच्या विहिरीवर पूर्वी हँडलचं डिझेल इंजिन होतं. वडील डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहायचा आणि दाब तयारच व्हायचा नाही. मग हँडल फिरवत फिरवत जड फ्लायव्हीलला वेग आणायचे आणि फुक् फुक् आवाज जमला की खटका सोडायचे. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे त्यांनी मला चापट मारून शिकवलं, कारण इंजिन उलटं फिरलं तर हँडल मनगट मोडतं. चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीवर आला, तो या हँडलपासून सुटका म्हणूनच.  असो.

तो खटका आजही काही मशिनांत आपोआप काम करत असतो, आणि हे आठवायचं कारण माझा भाचा. तो न्यू जर्सीत राहतो. तिकडं बसून चालवायचं गवत कापायचं मशीन बऱ्याच घरी असतं, आपल्या मिनी ट्रॅक्टरचं धाकटं भावंडच, फक्त इंजिन पेट्रोलचं. मे महिन्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, दोन बॅटऱ्या झाल्या, सेल्फ नवा टाकला, तरी अर्ध्या फेऱ्यात अडतंय." मी म्हटलं, टॅपेट बघितलंस का? त्यानं आजवर व्हॉल्व्हवरचं झाकण उघडलेलंच नव्हतं.

या छोट्या इंजिनांत कॅमशाफ्टवर एक बारीकसा उंचवटा असतो. हळू फिरताना तो व्हॉल्व्ह केसभर उचलून धरतो आणि दाब सोडून देतो, म्हणून एवढासा सेल्फही पुरतो. पण टॅपेटमधली फट झिजून वाढली, की तो उंचवटा नुसता हवेत फिरतो, व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. मग पूर्ण दाब सेल्फच्या उरावर. त्याच्या इंजिनाच्या पुस्तकात इनटेकची फट इंचाचे ३ ते ५ हजारांश आणि एक्झॉस्टची ५ ते ७ हजारांश दिली होती. फिलर गेज घालून बघितलं, तर इनटेकला त्याच्या दुपटीहून जास्त निघाली. प्लग काढून, पिस्टन वरून पाव इंच खाली उतरवून, त्यानं दोन्ही फटी बसवल्या. सगळं मिळून पाऊण तास. तुमच्या मशिनाचे आकडे वेगळे असतील, ते पुस्तकातूनच घ्या, पण वर्षातून एकदा टॅपेट करून घ्या, हे दोन्हीकडं सारखं.

पावसाळ्यानंतर इंजिन एकाच जागी दगडासारखं अडलं, तर सेल्फ मारणं ताबडतोब थांबवा. सिलिंडरमध्ये पाणी, कूलंट किंवा डिझेल साठलं असू शकतं, आणि पाणी दबत नाही. ज्यांचा सायलेन्सर उभा आहे त्यांच्या नळीतून पाऊस सरळ आत उतरतो. आपले जुने शेतकरी सायलेन्सरवर पत्र्याचा डबा उपडा घालून ठेवतात, ते उगाच नाही. अशा वेळी दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून चालू करायचा हट्ट केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखाच्या घरात जातं. इंजेक्टर किंवा हीटर प्लग काढा, तोंड बाजूला ठेवा आणि हातानं फिरवून आतलं बाहेर येऊ द्या. ऑइलची पट्टीही ओढून बघा. पातळी आपोआप वाढली असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर ते बदलल्याशिवाय आणि डिझेल कुठून आत येतंय ते शोधल्याशिवाय चालू करायचं नाही. बसून चालवायच्या पेट्रोल मशिनांत कार्ब्युरेटरची सुई गळली की हेच घडतं.

कारची बॅटरी लावून काम भागवायचं असेल तर प्लसला प्लस, आणि काळ्या केबलचं शेवटचं टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीला न लावता तिच्यापासून लांब इंजिनच्या लोखंडाला लावा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथं नको. रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला हात करू नका, मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात. आणि एका दमात पंधरा सेकंदांवर सेल्फ मारू नका. मध्ये मिनिटभर त्याला गार होऊ द्या.

सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेकवून चालू करायची कला प्रत्येक वस्तीवर एकाला तरी येते. ती बंद करा. त्या वेळी माणूस जमिनीवर, मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो, आणि न्यूट्रलचा सेफ्टी स्विच त्या स्क्रू-ड्रायव्हरनं बाजूला टाकलेला असतो. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर सुरू होतो आणि त्याच क्षणी अंगावर चालून येतो. वर सीटवर कुणी नसतं. तपासासाठीसुद्धा हे करू नका. सोलेनॉइडवर संशय असेल तर मीटरनं त्याच्या दोन बोल्टांमधले व्होल्ट सेल्फ मारताना मोजा, ते ०.२-०.३ च्या वर गेले तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर मेकॅनिकला जरूर बोलवा. मात्र फोनवर नुसतं ‘चालू होत नाही’ म्हणू नका. ‘बॅटरी उभी १२.६, सेल्फ मारताना ९ च्या खाली, इंजिन हातानं मोकळं फिरतंय’ असं सांगा. मग तो येताना बुश आणि कार्बन ब्रश घेऊन येईल. नाहीतर बॅटरी घेऊन येईल.